वर्गात खरंच चालतील अशी फुकट ऑनलाइन साधनं: निवडायची कशी, वापरायची कशी, जपून ठेवायची कशी

"शिक्षकांसाठी १०० फ्री वेबसाइट" अशी यादी दर महिना-दोन महिन्यांनी कुठून ना कुठून फिरत येते, आपण ती सेव्ह करतो आणि परत कधी उघडत नाही. मीही अशा याद्या बऱ्याच जमवल्या होत्या. मग एका वर्षी ठरवलं की यादीपासून सुरुवातच करायची नाही, धड्यात मुलं जिथे अडतात तिथून सुरुवात करायची आणि त्या एका जागेसाठी एकच साधन शोधायचं. त्या वर्षी मी जेमतेम सहा-सात साधनं वापरली, पण ती सगळी वर्गात वापरली, फोनमध्ये पडून राहिली नाहीत. तेव्हापासून माझी पद्धत तीच आहे आणि खाली तीच पायरी-पायरीने लिहितेय, काही पायऱ्या लांब आहेत कारण तिथे खरं काम आहे, काही दोन ओळीत संपतात.

पायरी १: अडतंय कुठे ते एका वाक्यात लिहा

कुठलीही साइट उघडायच्या आधी कागद घ्या आणि पुढच्या धड्यात मुलं नेमकी कुठे अडणार ते एका वाक्यात लिहा. "विद्युत परिपथ शिकवायचाय" हे वाक्य उपयोगाचं नाही, फार मोठं आहे, त्यावर सर्च मारलं तर हजारो व्हिडिओ येतील आणि संध्याकाळ त्यातच जाईल. "पहिल्या बल्बने करंट खाल्ला म्हणून दुसऱ्याला कमी मिळाला असं मुलांना वाटतं" हे वाक्य चालेल, कारण आता आपल्याला काय हवंय ते ठरलं, बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे करंट मोजून दाखवता येईल असं काहीतरी. तसंच "अपूर्णांक" नको, "छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा असं वाटतं" हे हवं.

हे वाक्य मिळतं मागच्या उत्तरपत्रिकांमधून, आणि तेही चुकलेल्या उत्तरांमधून. एकच चूक आठ-दहा मुलांनी केली असेल तर तुमचं वाक्य तिथे तयारच आहे.

मग त्या वाक्यापुढे अजून एक शब्द लिहा: दाखवायचं, करून बघायचं, तपासायचं की वाचायला द्यायचं. दाखवायला चित्र किंवा व्हिडिओ पुरतो, करून बघायला सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर स्वतः बदल करून बघता येणारा प्रयोग लागतो, तपासायला क्विझ, वाचायला पुस्तकं. माझ्या मते सगळ्यात जास्त गफलत इथेच होते, मुलांनी करून बघायची गरज असते आणि आपण व्हिडिओ लावतो कारण तो लगेच सापडतो.

पायरी २: फुकट म्हणजे कसलं फुकट ते बघा

फुकटाचे प्रकार असतात आणि ते माहीत नसले की मधेच अडकायला होतं. काही साहित्य खऱ्या अर्थाने मुक्त असतं, म्हणजे डाउनलोड करा, छापा, बदला, वाटा. काही बघायला फुकट पण कॉपी करायची परवानगी नाही. काही ठिकाणी थोडं फुकट आणि बाकीचं पैसे भरल्यावर, आणि काही ठिकाणी ठराविक दिवस फुकट आणि मग कार्ड नंबर मागतात. शेवटच्या प्रकाराच्या वाटेला मी जातच नाही, कारण अर्धं युनिट तिथे बनवून झाल्यावर दार बंद होतं.

मुक्त साहित्य ओळखायची खूण म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स. क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था २००१ साली सुरू झाली आणि पहिली लायसन्सं डिसेंबर २००२ मध्ये आली. पानाच्या तळाशी सीसी लिहिलेलं दिसलं की पुढची अक्षरं वाचा. बाय म्हणजे मूळ कर्त्याचं नाव द्यायचं. एसए म्हणजे तुम्ही बदल करून वाटलंत तर त्याच लायसन्सखाली वाटायचं. एनसी म्हणजे धंद्यासाठी वापरायचं नाही. एनडी म्हणजे बदललेली आवृत्ती वाटायची नाही, आणि शिक्षकांनी लक्ष ठेवायचं ते या एनडीवर, कारण भाषांतर हा सुद्धा बदलच धरला जातो, म्हणजे एनडी असलेली वर्कशीट मराठीत करून इतरांना वाटायला परवानगी लागते. सीसी झिरो असेल तर कर्त्याने हक्क सोडून दिलेत, वाट्टेल तसं वापरा.

नाव द्यायची सवय पहिल्यापासून लावून घ्या, चार गोष्टी एका ओळीत: शीर्षक, कोणी केलं, कुठून घेतलं, कुठलं लायसन्स. स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकलं तरी चालतं. मुलं विचारतात हे काय लिहिलंय, आणि मग दुसऱ्याचं काम वापरताना त्याचं नाव घ्यायचं ही गोष्ट वेगळा तास न घेता शिकवून होते.

पायरी ३: करून बघायचं असेल तर सिम्युलेशन, आणि इथे घाई करू नका

विज्ञानासाठी मी सगळ्यात आधी फेट उघडते. २००२ साली नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. नाव फिजिक्सवरून आलं असलं तरी आता रसायन, गणित, जीवशास्त्र सगळ्याची सिम्युलेशनं आहेत, खूप भाषांमध्ये आहेत, बरीचशी मराठीतही आहेत. लॉगिन लागत नाही, मुलांचं नाव-गाव काही द्यावं लागत नाही, ही माझ्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे.

आता मघाचं करंटचं वाक्य घेऊ आणि एक तास कसा चालवायचा ते नीट बघू. सर्किट कन्स्ट्रक्शन किट डीसी नावाचं सिम्युलेशन उघडा. एक बॅटरी, एक बल्ब, वायर आणि स्विच जोडून ठेवा, पण स्विच उघडाच ठेवा. मग त्याच वायरीत बॅटरीजवळ दुसरा बल्ब जोडा, म्हणजे दोन बल्ब एकामागे एक झाले. आता काहीही चालू न करता मुलांना वहीत लिहायला सांगा, पहिला जास्त उजळेल, दुसरा जास्त उजळेल की दोन्ही सारखे, आणि का. हे लिहून घेणं अजिबात गाळू नका. नुसतं तोंडी विचारलं तर हुशार मुलाचं उत्तर ऐकून सगळे तेच म्हणतात, आणि वहीत लिहिलेलं असलं की नंतर स्वतःच्याच उत्तराशी भांडावं लागतं.

मग स्विच लावा. दोन्ही बल्ब सारखेच उजळतात. इथे वर्गात कुजबुज होते, काही मुलं म्हणतात कम्प्युटर चुकतोय, त्यांना म्हणू द्या. आता अॅमीटर, म्हणजे करंट मोजायचं उपकरण घ्या, एक पहिल्या बल्बच्या आधी, एक दोघांच्या मधे, एक दुसऱ्याच्या नंतर. बॅटरी ९ व्होल्ट आणि प्रत्येक बल्ब १० ओहमचा ठेवला तर तिन्ही ठिकाणी ०.४५ अँपिअर दिसतात. एक बल्ब काढून सर्किट परत जोडलं तर आकडा ०.९० होतो. म्हणजे दुसरा बल्ब आल्यावर करंट सगळीकडेच कमी झाला, पहिल्याने खाल्ला आणि दुसऱ्याला उरलंसुरलं मिळालं असं झालंच नाही. हे आकडे बघितल्यावर मुलं स्वतःहून विचारतात की मग बॅटरी संपते कशी, आणि तो प्रश्न आला की समजा तास जमला, कारण आता ऊर्जा आणि करंट वेगळे करायला मुलंच तुम्हाला बोलावतायत.

एक गोष्ट आठवणीने सांगा. या सिम्युलेशनमध्ये बॅटरीची दोन टोकं सरळ वायरने जोडली की ज्वाळा दिसतात आणि मुलांना ते भयंकर आवडतं, करू द्या एकदा, पण खऱ्या बॅटरीवर हे करायचं नाही हे त्याच क्षणी सांगा. आणि शक्य असेल तर शेवटची दहा मिनिटं खरा बल्ब आणि खरा सेल हातात द्या. सिम्युलेशनमधली वायर कधी सैल होत नाही, खरी होते, तेही शिकणंच आहे.

आकाशासाठी स्टेलॅरियम बघा, मुक्त सॉफ्टवेअर आहे, ब्राउझरमध्येही चालतं, तारीख आणि वेळ पुढे-मागे करून चंद्राच्या कला दाखवता येतात. दिवसा भरणाऱ्या वर्गात रात्रीचं आकाश दाखवायला याहून सोपं काही मला सापडलं नाही.

पायरी ४: गणितात हलणारी आकृती

जिओजेब्रा २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधातून निघालं आणि आज भूमितीसाठी माझं मुख्य साधन तेच आहे. पहिल्यांदा वापरणाऱ्यांनी त्रिकोणापासून सुरुवात करा. पॉलिगॉन टूल घेऊन त्रिकोण काढा, अँगल टूलने त्रिकोणाच्या आत क्लिक करा, तिन्ही कोन एकदम दिसतात. इथे बरेच जण गडबडतात कारण कधीकधी आतले कोन न येता बाहेरचे, १८० च्या वरचे कोन येतात. कारण साधं आहे, बिंदू घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टाकले की असं होतं, उलट दिशेने टाका, आतले कोन येतील. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि एका भर वर्गात पाच मिनिटं गेली होती.

मग एक शिरोबिंदू धरून ओढा आणि मुलांना बेरीज करायला लावा. कोन दोन दशांश स्थळांपर्यंत दिसतात, त्यामुळे कधी बेरीज १८०.०१ किंवा १७९.९९ येते. बरेच शिक्षक ते टाळायला आकृती हलवतात, मी उलट तिथेच थांबते आणि विचारते हा ०.०१ कुठून आला. पूर्णांकन म्हणजे काय हे शिकवायला इतका चांगला क्षण परत मिळत नाही.

आलेखांसाठी डेसमॉस जास्त सुटसुटीत आहे. रेषेचं समीकरण टाइप करा, चढाच्या जागी अक्षर ठेवा, ते स्वतःच स्लायडर हवा का विचारतं, स्लायडर हलवला की रेषा फिरते. अपूर्णांकांसाठी पॉलीपॅड घ्या, त्यात अपूर्णांकांच्या पट्ट्या एकाखाली एक लावता येतात, एक चतुर्थांशची पट्टी एक तृतीयांशखाली ठेवली की छेद मोठा म्हणजे तुकडा लहान हे डोळ्याला दिसतं, सांगावं लागत नाही.

पायरी ५: वाचायला, ऐकायला आणि बघायला

गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने हे २०१५ साली सुरू केलं, पुस्तकं वाचनपातळीनुसार लावलेली आहेत, मराठीत भरपूर आहेत, आणि लायसन्स सीसी बाय असल्यामुळे छापता येतात, भाषांतर करता येतात. याचा एक उपयोग फार कमी जण करतात. एकच गोष्ट दोन भाषांत उघडून शेजारी-शेजारी वाचायला द्या, दुसरी भाषा शिकणाऱ्या मुलांना शब्दाचा अर्थ चित्र आणि ओळखीची भाषा दोन्हीकडून मिळतो, शब्दकोश लागत नाही. मोठ्या वर्गांना याच्या पुढचं काम द्या, गटाने मिळून एक चित्रगोष्ट भाषांतर करायची. "हा शब्द आपल्याकडे असा म्हणत नाहीत" म्हणून मुलं अर्धा तास वाद घालतात तेव्हा व्याकरणाचा तास वेगळा घ्यायची गरज उरत नाही.

जुनी, कॉपीराइट संपलेली इंग्रजी पुस्तकं हवी असतील तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग, जे १९७१ पासून चालू आहे, आणि तशाच पुस्तकांचं स्वयंसेवकांनी केलेलं वाचन लिब्रीवॉक्सवर मिळतं, तिथे वाचणाऱ्यांचा दर्जा कमीजास्त असतो म्हणून आधी दोन मिनिटं ऐकून मगच द्या.

चित्रांसाठी गुगल इमेजेसवरून उचलणं बंद करा आणि विकिमीडिया कॉमन्स वापरा. प्रत्येक चित्राच्या पानावर लायसन्स लिहिलेलं असतं आणि कर्त्याचं नाव कसं द्यायचं तेही तयार मिळतं. हृदय, पेशी, ज्वालामुखी अशा आकृत्या शोधताना एसव्हीजी प्रकारच्या फाइल बघा, त्या कितीही मोठ्या केल्या तरी फुटत नाहीत आणि त्यातली नावं बदलता येतात. कॉमन्सवर एसव्हीजी ट्रान्सलेट नावाचं साधन आहे, त्यात इंग्रजी नावांच्या जागी मराठी नावं भरली की झालं. माझी अजून एक सवय, तीच आकृती नावं पुसून पण ठेवायची, पहिल्या दिवशी नावं असलेली दाखवायची आणि आठवड्याने रिकामी द्यायची. अवकाशाच्या फोटोंसाठी नासाची इमेज लायब्ररी आहे, त्यातलं बहुतेक साहित्य शिक्षणासाठी मोकळेपणाने वापरता येतं.

व्हिडिओबद्दल थोडंच लिहिते. खान अकॅडमी ही ना-नफा संस्था आहे, सराव प्रश्नही देते, चांगली आहे. पण व्हिडिओ कुठलाही असो, तो पूर्ण लावू नका. आधी स्वतः बघा, दोन जागा ठरवा, तिथे थांबवून "आता पुढे काय होईल" विचारा. सात मिनिटांच्या व्हिडिओला वर्गात पंधरा मिनिटं लागली पाहिजेत, सातच लागली तर मुलं फक्त बघत होती असं समजा.

पायरी ६: कळलंय का ते तपासणं

इथे टूल दुय्यम आहे, प्रश्न मुख्य आहे. समजा दशांश अपूर्णांक झालेत. आपण विचारतो, ०.४५ आणि ०.५ मधला मोठा कोणता. ज्याला "अंक जास्त म्हणजे संख्या मोठी" असं वाटतं तो चुकतो आणि पकडला जातो. पण काही मुलांची समजूत नेमकी उलटी असते, की दशांशानंतर जितके अंक कमी तितकी संख्या मोठी, आणि या प्रश्नात त्यांचं उत्तर बरोबर येतं, आपल्याला वाटतं त्यांना समजलं. आता प्रश्न बदला: ०.३, ०.६२ आणि ०.४५७ यातली सगळ्यात मोठी कोणती. पहिल्या समजुतीचा मुलगा ०.४५७ म्हणेल, दुसऱ्या समजुतीचा ०.३ म्हणेल, आणि ज्याला खरंच कळलंय तो ०.६२. एका प्रश्नात तीन प्रकारची मुलं वेगळी झाली. चुकीचे पर्याय मनाने रचू नका, उत्तरपत्रिकांमधल्या खऱ्या चुकांमधून उचला. दहा मिनिटात पाच असे प्रश्न होणार नाहीत, एक होईल, आणि तो एक पुरतो.

आता असा प्रश्न विचारायचा कशावर. मुलांकडे फोन नसतील किंवा द्यायचे नसतील तर प्लिकर्स. प्रत्येक मुलाकडे छापलेलं एक कार्ड असतं, त्याच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी, जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून कार्ड धरायचं, आणि शिक्षकाने आपल्या एका फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर येतं, आणि कार्डावरची अक्षरं बारीक असल्याने शेजारच्याला सहज कॉपी करता येत नाही. लाजरी मुलं यात मोकळी होतात, हे मी दरवर्षी बघते. कार्डं जाड कागदावर छापा पण चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला वाचता येत नाही.

उत्तरं आली की लगेच बरोबर कोणतं ते सांगू नका. हार्वर्डचे एरिक माझुर यांनी १९९१ पासून रूढ केलेली पीअर इन्स्ट्रक्शन ही पद्धत वापरा: साधारण ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन मिनिटं द्या आणि परत कार्डं वर करायला सांगा. सत्तरच्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा, तीसच्या खाली असतील तर परत शिकवा, चर्चेत चूकच पसरेल.

मुलांकडे कम्प्युटर असतील तर गुगल फॉर्म पुरतो, क्विझ म्हणून सेट केला की मार्क आपोआप मिळतात. पण त्याची खरी ताकद दुसरीकडे आहे. प्रश्नाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करा, तिथे "गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर" असा पर्याय आहे. आता ०.४५७ निवडणाऱ्याला एका सेक्शनला पाठवा जिथे संख्यारेषेचं चित्र आहे, ०.३ निवडणाऱ्याला दुसऱ्या, आणि दोघांना तिथून तसाच नवा प्रश्न द्या. प्रश्न रिक्वायर्ड करायला विसरू नका नाहीतर मुलं उत्तर न देताच पुढे सरकतात. एकदा बनवायला तास जातो, पण ज्या दिवशी तुम्ही एका गटाबरोबर बसलेले असता त्या दिवशी बाकीच्या वर्गाला हा फॉर्म सांभाळतो.

कहूट आणि क्विझीझ, ज्याचं नाव २०२५ मध्ये वेग्राउंड झालं, ही खेळासारखी साधनं आहेत, मुलांना आवडतात, उजळणीला मीही वापरते. नवीन गोष्ट शिकवताना मात्र नाही, कारण घड्याळ टिकटिकायला लागलं की विचार करणारं मूल मागे पडतं आणि अंदाज मारणारं पुढे जातं.

पायरी ७: नेट नसेल किंवा असून नसल्यासारखं असेल तर

ही पायरी नेट चांगलं असणाऱ्यांनीही वाचावी, कारण ते नेमकं तासाच्या वेळी जातं.

फेटची सिम्युलेशनं एकेक फाइल म्हणून डाउनलोड होतात, पेनड्राइव्हवर घ्या आणि ब्राउझरमध्ये उघडा, नेट लागत नाही. जिओजेब्राचंही ऑफलाइन अॅप आहे.

कीविक्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर पूर्ण विकिपीडिया ऑफलाइन देतं. फाइली झिम प्रकारच्या असतात, चित्रांसकट, चित्रांशिवाय आणि फक्त प्रस्तावनेपुरत्या अशा वेगवेगळ्या आकारात मिळतात. चित्रांसकट इंग्रजी विकिपीडिया प्रचंड मोठा आहे, मराठीचा त्या मानाने खूपच लहान, फोनमध्ये आरामात मावतो. अँड्रॉइड अॅपमध्ये पुस्तकं होस्ट करायची सोय आहे, म्हणजे तुमच्या फोनचं हॉटस्पॉट चालू करून मुलांनी त्यांच्या डिव्हाइसवरून तुमच्याच फोनमधला विकिपीडिया वाचायचा, डेटा खर्च होत नाही.

कोलिब्री त्याच्या पुढचं आहे. लर्निंग इक्वालिटी या संस्थेचं हे सॉफ्टवेअर एका कम्प्युटरवर टाकायचं, नेट असेल तिथे नेऊन हवे ते चॅनल उतरवून घ्यायचे, त्यात खान अकॅडमी आहे, फेट आहे, गोष्टी आहेत, आणि मग शाळेत एका वायफाय राउटरवर बाकीचे टॅब किंवा कम्प्युटर त्याला जोडायचे. मुलांचे धडे ठरवून देता येतात आणि कोण कुठे पोचलंय ते दिसतं. बसवायला एक शनिवार काढा आणि जागा आधी मोजा, पूर्ण चॅनल न घेता हव्या त्याच विषयाचे भाग निवडून उतरवता येतात.

कोडिंगसाठी एमआयटी मीडिया लॅबचं स्क्रॅच, २००७ मध्ये आलं, ऑफलाइन अॅप आहे. आणि कम्प्युटरच नसतील तर न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातून आलेलं सीएस अनप्लग्ड बघा, त्यात फक्त कार्डं, दोरी आणि जमिनीवरच्या रेषा वापरून बायनरी संख्या (फक्त ० आणि १ वापरून लिहिलेल्या) आणि सॉर्टिंग (क्रम लावणं) शिकवतात. पाच कार्डांवर १६, ८, ४, २, १ ठिपके काढा, पाच मुलांच्या हातात द्या आणि वर्गाला सांगा २१ करून दाखवा. कार्डं उलटी-सुलटी करता-करता बायनरी कळते.

पायरी ८: आदल्या दिवशीची रंगीत तालीम

माझ्या घरच्या लॅपटॉपवर चालतं म्हणजे वर्गात चालेल असं धरून मी एकदा तासाला गेले होते आणि एका साइटने लॉगिन मागितलं, पासवर्डचा कोड माझ्या दुसऱ्या नंबरवर गेला, तो फोन घरी होता, चाळीस मुलं समोर. तेव्हापासून मी त्याच खोलीत, त्याच मशीनवर, त्याच प्रोजेक्टरवर, शाळेच्याच अकाउंटवरून एकदा उघडून बघते. शेवटच्या बाकावर जाऊन बसते आणि अक्षर दिसतं का पाहते. आवाज असेल तर स्पीकर लावून ऐकते. शेजारी कुठल्या जाहिराती येतात, व्हिडिओ संपल्यावर पुढचं आपोआप सुरू होतं का, ते बघून ऑटोप्ले बंद करते. आणि काहीच चाललं नाही तर काय करायचं ते एका कागदावर लिहून ठेवते, बहुतेक वेळा ते फळ्यावर काढायची एक आकृती आणि एक प्रश्न एवढंच असतं.

याच वेळी मुलांच्या माहितीचाही विचार करा. जिथे लॉगिनशिवाय काम होतं तिथे लॉगिन करू नका. नावं टाकावीच लागली तर पूर्ण नावाऐवजी हजेरी नंबर टाका, प्लिकर्समध्ये तर नंबरवर सगळं भागतं. खूप साइटवर १३ वर्षांची अट दिसते, ती अमेरिकेच्या १९९८ च्या मुलांच्या ऑनलाइन गोपनीयता कायद्यावरून आलीय. मुलांना खोटं जन्मवर्ष टाकायला सांगणं हा त्यावरचा उपाय नव्हे, पालकांची संमती घ्या किंवा तो भाग स्वतःच्या अकाउंटवरून प्रोजेक्टरवर करा. मुलांचे चेहरे आणि आवाज कुठल्याही फुकट साइटवर चढवण्याआधी दहा वेळा विचार करा.

एआय चॅटबॉटने प्रश्नपत्रिका काढायची तर काढा, मी कच्च्या मसुद्यासाठी वापरते. पण प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून बघा, आणि मुलांचे निबंध नावासकट त्यात टाकू नका.

पायरी ९: स्वतःची प्रत ठेवा

फुकट साधनं बंद होतात. ब्राउझरमध्ये अॅनिमेशन चालवणारं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं तेव्हा हजारो जुनी शैक्षणिक अॅनिमेशनं एका रात्रीत उघडेनाशी झाली. ऑनलाइन वर्ग चालवायचं एडमोडो सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं, गुगलचा ऑनलाइन फळा जॅमबोर्ड २०२४ च्या शेवटी. म्हणून काहीही बनवलं की त्याच आठवड्यात एक प्रत अशा प्रकारात काढून ठेवा जी कुठेही उघडते. प्रश्न साध्या स्प्रेडशीटमध्ये, वर्कशीट लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये आणि पीडीएफमध्ये दोन्ही, चित्रं त्यांच्या लायसन्सच्या ओळीसकट. पीडीएफ एकट्याने पुरत नाही, पुढच्या वर्षी त्यात बदल करता येत नाही. दोन ठिकाणी ठेवा, एक क्लाउडवर, एक पेनड्राइव्हवर. फाइलचं नाव "नवीन फायनल २" असं नको, इयत्ता, विषय, अडलेली जागा असं द्या.

आणि एक वही किंवा शीट ठेवा, तास संपल्यावर दोनच मिनिटात भरायची. रकाने चार: अडलेली जागा, साधन, काय झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं. माझ्या शीटमधली करंटची ओळ अशी आहे: "पहिला बल्ब करंट खातो / फेट सर्किट डीसी / अंदाज लिहून घेतले, ३८ पैकी २६ चुकीचे, अॅमीटर लावल्यावर बॅटरी कशी संपते हा प्रश्न आपोआप आला / मुलांनी अंदाज लिहून होईपर्यंत प्रोजेक्टर झाकून ठेव, दोन मुलांनी स्क्रीनकडे बघून उत्तर बदललं." पुढच्या वर्षी तास सुरू व्हायच्या आधी मी ही ओळ वाचली, प्रोजेक्टरसमोर एक पुठ्ठा उभा केला आणि पेनड्राइव्हवरून फाइल उघडली.